हॅशचं कोलिजन हातानं करून समजून घ्या: नवख्यांसाठी, एमडी५ वर टिक मारण्याआधी

मागच्या आंबिया बहाराला आमच्या गावातल्या एका काकांच्या बगीच्यातून रात्रीतून संत्रा चोरीला गेला, एकदम तोडणीला आलेला माल, आणि काकांनी कुंपणाजवळ सोलरवाला कॅमेरा लावून ठेवला होता म्हणून चोरांची गाडी बरोबर दिसली. केस झाली. वकीलसाहेबांनी सांगितलं की व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा नंबर, फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा. काका पेनड्राइव्ह घेऊन माझ्या सेंटरवर आले, मी ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीक विमा ही सगळी कामं करतो. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात शा१, शा२५६, एमडी५ आणि इतर अशा जागा छापलेल्या आहेत, कोणत्या पद्धतीनं हॅश काढला ते तिथं दाखवायचं. मी एमडी५ घेतला, काहून की तो सगळ्यात छोटा, ३२ अक्षरांचा, हातानं लिहायला सोपा. वकीलसाहेबांच्या ज्युनिअरनं कागद पाहिला आणि विचारलं, "एमडी५ काहून घेतला भाऊ? त्याचं तर कोलिजन निघते ना."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कागद आम्ही पुन्हा केला, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही, मग दीड-दोन महिने जसा टाइम भेटला तसं शिकत बसलो, आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनाही सोबत घेतलं. आता जे लिहून राहिलो ते त्याच क्रमानं आहे. नुसतं वाचू नका, करत करत जा, यातलं काहीच महाग नाही आणि साधा लॅपटॉप पुरतो.

आधी हॅश डोळ्यानं पाहा

विंडोजवर सेव्हन-झिप टाकून घ्या, मग कोणत्याही फाइलवर राइट क्लिक केलं की सीआरसी शा नावाचा मेनू दिसते, विंडोज ११ मध्ये तो कधीकधी 'आणखी पर्याय' च्या आत लपलेला राहते. तिथं शा२५६ दाबा, ६४ अक्षरांचा एक लंबा नंबर येईल. त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं राहतात. अँड्रॉइड फोनवर करायचं असेल तर टर्मक्स अॅपमध्ये शा२५६सम ही कमांड चालते.

आता नोटपॅडमध्ये "बगीचा सौदा ४ लाख" असं लिहून सेव्ह करा, हॅश काढा, मग ४ चा ५ करा आणि पुन्हा काढा. एकच आकडा बदलला पण नंबर पुरा बदलला, कुठंच ताळमेळ नाही. फाइल दहा अक्षरांची असो की दोन जीबीचा व्हिडिओ असो, शा२५६ चा नंबर ६४ अक्षरांचाच. एमडी५ चा ३२, शा१ चा ४०. आणि एकदम रिकामी फाइल घ्या, तिचा एमडी५ डी४१डी८सीडी९८ असा सुरू होईल, तुमच्याकडं, माझ्याकडं, जगात कुठंही.

इथंच दोन-तीन गोष्टी करून पाहा, काहून की लोकं यातच गोंधळतात. फाइलचं नाव बदला, हॅश तोच राहते. फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवा आणि तिकडचा हॅश काढा, वेगळा येईल, व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते ना. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की हॅश जुळते. हे माहीत नसलं तर पोरं एकमेकांवर "तू फोटोत काहीतरी केलं" म्हणून उगाच आळ घेतात.

मग बाजार समितीच्या लायनीत उभे राहा

आता विचार करा, फाइली किती होऊ शकतात? मोजताच येत नाही. आणि नंबर किती? ठरावीक. म्हणजे कुठंतरी दोन फाइलींचा नंबर सारखा असणारच, ते टळत नाही. दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच निघाला की त्याले कोलिजन म्हणतात. प्रश्न एवढाच की अशी जोडी कोणाले सापडू शकते का.

तूर घेऊन बाजार समितीत लायनीत लागलेले ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा. प्रत्येकाच्या नंबरप्लेटचे शेवटचे दोन आकडे पाहायचे, ०० ते ९९, म्हणजे १०० शक्यता. कोणत्याही दोन ट्रॅक्टरचे शेवटचे दोन आकडे सारखे निघावे यासाठी लायनीत किती ट्रॅक्टर लागतील? पोरांनी ५० सांगितले, एकानं तर १०० सांगितले. बरोबर उत्तर १३. तेरा ट्रॅक्टर झाले की जोडी सापडायचा चान्स अर्ध्याच्या वर जाते, २० झाले की ८७ टक्के. कारण आपण एका ट्रॅक्टरची दुसऱ्या एकाशी तुलना नाही करत, सगळ्यांची सगळ्यांशी करतो, १३ ट्रॅक्टरच्या जोड्या ७८ होतात.

पण आता प्रश्न बदला. "माझ्याच ट्रॅक्टरचे जे शेवटचे दोन आकडे आहेत तेच आणखी कोणाचे आहेत का?" आता अर्धा चान्स यायला दुसरे ६९ ट्रॅक्टर लागतात. बोलताना दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात पण १३ आणि ६९ चा फरक आहे, आणि नंबर जसा मोठा होतो तसा हा फरक डोंगराएवढा होते. कोणतीही जोडी शोधणं म्हणजे कोलिजन. दिलेल्या एका ठरावीक फाइलीची जोडी शोधणं हे वेगळं काम आणि लय अवघड. हे वाक्य दोनदा वाचा, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

ढोबळ हिशोब असा, नंबर जेवढ्या बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा, हॅशच्या एका अक्षरात ४ बिट), त्याचं अर्धं करा, २ चा तेवढा घात एवढे प्रयत्न कोलिजनला लागतात. एमडी५ १२८ बिटचा, म्हणून २ चा ६४ वा घात. शा१ १६० बिटचा, २ चा ८० वा घात. शा२५६ ला २ चा १२८ वा घात, ही ३९ आकडी संख्या आहे.

आता स्वतः एक कोलिजन काढा

पहिले कागदावर. अभ्यासिकेत आम्ही २५ जण बसलो होतो, प्रत्येकानं आपलं नाव एका फाइलीत लिहून शा२५६ काढला आणि नंबरची फक्त पहिली दोन अक्षरं फळ्यावर लिहिली. दोन अक्षरांच्या २५६ शक्यता, आणि २५ जणांत जोडी निघायचा चान्स ७० टक्क्यांच्या आसपास. आमची जोडी अठराव्या नावावर निघाली. पोरं उठून फळ्याजवळ आली पाहायला, त्याच्याआधी कोणाचाच विश्वास नव्हता.

मग पायथनमध्ये. ज्याले थोडं पायथन येते त्यानं त्यातलं हॅश काढायचं हॅशलिब वापरावं, १, २, ३ असे आकडे घेत जायचे, प्रत्येकाचा शा२५६ काढायचा, पहिली ८ अक्षरं कापून घ्यायची आणि एका डिक्शनरीत टाकत जायची, टाकताना पाहायचं की हे आठ अक्षरांचं तुकडं आधी येऊन गेलं का. आठ अक्षरं म्हणजे ३२ बिट, शक्यता ४२९ कोटींच्या वर. पण अर्धा चान्स यायला फक्त ७७ हजारांच्या जवळपास प्रयत्न लागतात, साध्या लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जोडी समोर येते.

हा प्रयोग मी मुद्दाम सांगून राहिलो. लोकं हॅश जुळवताना काय करतात, सुरुवातीची चार अक्षरं पाहतात, शेवटची चार पाहतात, आणि "जुळलं" म्हणतात. ती आठच अक्षरं झाली. तुमच्यासारख्या नवख्यानं दोन ओळींत जे फोडलं त्यावर भरवसा ठेवल्यासारखं आहे ते. काकांना मी सांगितलं, "काका, पुरा नंबर पाह्यजा, अर्धा नाही."

एमडी५ चं नेमकं काय बिघडलं

एमडी५ रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये बनवला. वर सांगितलेला २ चा ६४ वा घात म्हणजे सरळ धोपटमार्गानं शोधलं तर लागणारी मेहनत. पण चीनच्या संशोधक शिआओयुन वांग आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑगस्ट २००४ मध्ये एमडी५ ची खरीखुरी जोडी काढून दाखवली, धोपटमार्गानं नाही, आतल्या गणितातला कच्चा दुवा पकडून. आज तेच काम साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होते.

कच्चा दुवा समजायला किराणा दुकानातली उधारीची वही घ्या. प्रत्येक पानाच्या वर 'मागील बाकी' लिहितात, मग त्या पानाच्या नोंदी, आणि खाली नवीन बाकी जी पुढच्या पानावर जाते. एमडी५ असंच करते, फाइलीचे ६४-६४ बाइटचे तुकडे करते, मागची बाकी आणि हा तुकडा घुसळून नवीन बाकी काढते, आणि शेवटच्या तुकड्यानंतरची बाकी म्हणजेच हॅश. खरी वही नुसती बेरीज करते आणि इथं घुसळण लय किचकट आहे, पण पानावरून पानावर बाकी जायची रीत हीच.

आता दोन वह्या आहेत. पहिल्या तीन पानांपर्यंत दोन्ही सारख्या. चौथ्या पानावर दोन वह्यांत थोड्या वेगळ्या नोंदी केल्या, त्यानं बाकीत बारीकसा फरक पडला. पाचव्या पानावर पुन्हा अशा मोजून वेगळ्या नोंदी केल्या की तो फरक बरोबर मिटला. बाकी सारखी झाली. आता सहाव्या पानापासून दोन्ही वह्यांत जर सारखंच लिहीत गेले, तर शेवटची बाकी सारखीच येणार, पुढं शंभर पानं असली तरी. २००४ ची जोडी अशीच होती, दोन तुकड्यांत फरक पाडायचा आणि मिटवायचा.

म्हणजे फसवणाऱ्याला पुरी फाइल जुळवत बसायची गरज नाही, मधे दोन पानांचं काम केलं की पुढं मोकळा. आणि दोन्ही फाइलींची लांबी पण सेम राहते, म्हणून "साइज पण सेम आहे ना भाऊ, मग खरीच असंल" हे बोलणं इथं कामाचं नाही.

पोरांनी विचारलं, पण ती दोन पानं तर कचरा अक्षरं असतील, त्यानं सौदा कसा बदलणार? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की दोन्ही फाइलींत दोन्ही मजकूर आधीच भरून ठेवतात, आणि तो कचरा म्हणजे बटण असते. बटण एका बाजूला असलं की पीडीएफ उघडल्यावर पहिलं चित्र दिसते, दुसऱ्या बाजूला असलं की दुसरं. न दिसणारं चित्र फाइलीत पडून राहते, उघडणाऱ्याला पत्ताच नाही.

फसवणारा कोण, हे ओळखायला शिका

आमच्याकडं संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देतात. समजा एका व्यापाऱ्यानं सौद्याची पीडीएफ स्वतः बनवली, एकीत ४ लाख आणि दुसरीत १ लाख, दोघींचा एमडी५ एक. शेतकऱ्याला ४ लाखवाली दाखवली, शेतकऱ्यानं इमानदारीनं त्याचा एमडी५ वहीत लिहून ठेवला. माल तोडून झाल्यावर व्यापारी १ लाखवाली काढते आणि म्हणते, पाहा, तुमच्याच वहीतला नंबर आहे. नंबर खरंच जुळते. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण ते करता येण्यासारखं आहे.

आता उलटं पाहा. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं फाइल बनवली, एमडी५ काढला, आणि नंतर कोणी परका माणूस तिच्या जागी दुसरी फाइल ठेवायला पाहते. त्याले त्या ठरावीक नंबराची जोडी शोधावी लागते, ६९ ट्रॅक्टरवाला प्रश्न, आणि तो एमडी५ मध्येही आजपर्यंत कोणाले प्रत्यक्ष जमलेला नाही.

माझ्या मते नवख्यानं एवढं एक पकडलं तरी लय झालं. कोलिजनचा धोका बाहेरच्या चोराकडून कमी आणि ज्यानं फाइल बनवून आणली त्याच्याकडून जास्त आहे. म्हणून प्रत्येक वेळी विचारा, ही फाइल बनवली कोणी, आणि दोन फाइली असण्यात फायदा कोणाचा? कोर्टात समोरचा वकील हाच प्रश्न आपल्याला विचारू शकते, व्हिडिओ तर काकांच्याच कॅमेऱ्यातला होता. काकांनी काही केलं नव्हतं, पण एमडी५ लिहून शंकेला जागा कशाला द्यायची.

यातून दुसरंही कळते. डाउनलोड अर्ध्यात तुटलं का, पेनड्राइव्ह खराब झाला का, हे पाहायला एमडी५ चालते, खराब झालेला पेनड्राइव्ह काही मुद्दाम जोड्या शोधत नाही. आणि पासवर्डची गोष्ट वेगळीच आहे. एमडी५ मध्ये ठेवलेले पासवर्ड फुटतात ते कोलिजननं नाही, एमडी५ लय फास्ट आहे म्हणून, चोर सेकंदाला अब्जावधी अंदाज लावून पाहते. तिथं बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२ अशा मुद्दाम हळू चालणाऱ्या पद्धती वापरतात.

हे पुस्तकी नाही, झालेलं आहे

वहीच्या उदाहरणात दोन्ही वह्यांची सुरुवात सारखी होती. २००७ मध्ये मार्क स्टीव्हन्स, अर्जेन लेन्स्ट्रा आणि बेन द वेगर यांनी सुरुवात वेगवेगळी असली तरी एमडी५ ची बाकी जुळवता येते हे दाखवलं. हे जास्त धोक्याचं, काहून की आता एका वहीवर तुमचं नाव आणि दुसरीवर माझं नाव राहू शकते. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी २०० च्या वर प्लेस्टेशन ३ (व्हिडिओ गेमची मशीन) जोडून बनवलेलं नकली डिजिटल प्रमाणपत्र दाखवलं (कोर्टवालं नाही, वेबसाइट खरी आहे हे ब्राउझरला सांगणारं), त्याच्या जोरावर कोणत्याही वेबसाइटचं खरं वाटणारं प्रमाणपत्र छापता आलं असतं. २०१२ मध्ये फ्लेम नावाचा व्हायरस सापडला, त्यानं याच जातीच्या एमडी५ कोलिजननं मायक्रोसॉफ्टची सही वाटेल असं प्रमाणपत्र बनवून घेतलं होतं आणि विंडोज अपडेटच्या नावाखाली तो पसरत होता.

शा१ चा नंबर त्यानंतर लागला. २३ फेब्रुवारी २०१७ ला अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी एकच शा१ असलेल्या दोन पीडीएफ जाहीर केल्या, एकीचा रंग निळा, दुसरीचा लाल. मेहनत किती, तर एका सीपीयूची ६,५०० वर्षं आणि एका जीपीयूची ११० वर्षं मिळून जेवढी होईल तेवढी, पण धोपटमार्गापेक्षा लाखपट कमी. शॅटर्ड या नावानं शोधा, दोन्ही फाइली सापडतात, उतरवून घ्या आणि सेव्हन-झिपनं हॅश काढा. दोघींची साइज ४,२२,४३५ बाइट, दोघींचा शा१ ३८७६२सीएफ७ असा सुरू होऊन शेवटपर्यंत सेम, आणि शा२५६ मात्र पूर्ण वेगळा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. २०२० मध्ये ग्याताँ ल्यूराँ आणि तोमा पेराँ यांनी वेगळ्या सुरुवातीवालं कोलिजन शा१ मध्येही काढलं. अमेरिकेत अशी मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०२२ च्या डिसेंबरात सांगितलं की ३१ डिसेंबर २०३० पर्यंत शा१ वापरातून काढा.

शा२५६ चं पुरं कोलिजन आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही. शा२५६ प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांत घुसळते, संशोधक त्यातल्या ३१ फेऱ्यांपर्यंतच कोलिजन काढू शकले आहेत. आणि घुसळायची रीतच वेगळी पाहिजे असेल तर २०१५ मध्ये आलेला शा३ आहे.

कामाच्या वेळी काय करायचं

फॉर्मवर पर्याय असला की शा२५६ घ्या. एमडी५ आणि शा१ च्या जागा छापलेल्या आहेत म्हणजे त्या सुरक्षित आहेत असं नाही. आपल्याच माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ३ मध्ये हॅश फंक्शनचा अर्थ दिलेला आहे, त्यात दोन वेगळ्या रेकॉर्डमधून एकच हॅश निघणं गणनेनं जमण्यासारखं नसलं पाहिजे अशी अट आहे. त्या अटीवर एमडी५ २००४ पासून नापास आहे, हे मी ठामपणे म्हणतो.

एमडी५ आणि शा१ दोन्ही लिहिले की डबल कुलूप, असं कोणी सांगितलं तर पूर्ण मानू नका. संशोधक अँत्वान जू यांनी २००४ मध्येच दाखवलं की वहीच्या रीतीनं चालणारे दोन हॅश जोडले तरी कोलिजनविरुद्धची ताकद वाटते तेवढी वाढत नाही.

हॅश आणि फाइल एकाच वाटेनं पाठवू नका. फाइल व्हॉट्सअॅपवर आणि नंबर पण तिथंच, तर फाइल बदलणारा नंबर पण बदलून टाकेल. नंबर कागदावर घ्या, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या. आणि फाइल समोरच्यानं बनवून आणली असली तर तिची प्रिंट काढून सही करा, कागदावर बटण नसते. प्रिंटची सोय नसली तर निदान त्यानं दिलेली फाइल बाजूला ठेवून तोच मजकूर स्वतः टाइप करा, स्वतःच्या लॅपटॉपवर पीडीएफ बनवा आणि त्या पीडीएफचा हॅश घ्या.

ज्यांच्याजवळ आधीचे एमडी५ लिहिलेले कागद आहेत त्यांनी मूळ फाइल सांभाळून ठेवली असेल तर आजच शा२५६ काढून त्याच कागदाला जोडावा, आजची तारीख टाकून, मागची नाही.

काकांचं प्रमाणपत्र आम्ही दुसऱ्यांदा केलं तेव्हा शा२५६ ची ६४ अक्षरं चार-चारच्या १६ गटांत लिहिली, प्रिंटरची शाई संपली होती म्हणून हातानं. काका स्क्रीनवर पाहून एकेक गट वाचत गेले, मी कागदावर बोट ठेवत गेलो. अकराव्या गटात माझ्या हातून बी चा ६ झाला होता. तो कागद फाडला, नवा लिहिला, पुन्हा पहिल्या गटापासून वाचलं, सगळे सोळा जुळले, मग काकांनी सही केली.